तक्रार पेटी रिकामी, म्हणजे शाळा सुरक्षित?

पावसाळ्यात कोल्हापूर जिल्ह्यात कुणी कुणाला फोन केला, की तब्येतीची चौकशी नंतर होते. पहिला प्रश्न ठरलेला असतो : "राजाराम बंधाऱ्यावर किती फूट?" 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका, हे हातकणंगले तालुक्यातल्या रुई-इंगळीच्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. 2019 आणि 2021 साली पंचगंगा 55 फुटांच्याही वर गेली होती. त्या आकड्यावर विश्वास ठेवूनच माणसं जनावरं सोडतात, धान्य माळ्यावर टाकतात, म्हाताऱ्यांना पाहुण्यांकडे पोचवतात.

आता समजा असा नियम निघाला, की पट्टीवर मोठा आकडा दिसला तर तो वाचणाऱ्या कर्मचाऱ्यालाच नोटीस मिळेल. काय होईल? पाणी चढेल, पण कागदावरचा आकडा चढणार नाही.

शाळेतल्या मुलांची सुरक्षितता मोजताना आपण बऱ्याचदा हाच नियम लावतो. तालुक्यातल्या दोन शाळा डोळ्यांपुढे आणा. दोन्ही काल्पनिक आहेत. पहिलीतली तक्रार पेटी वर्षभर रिकामी. दुसरीत जूनपासून मुलांशी बोलण्याचा एक कार्यक्रम सुरू झाला आणि वर्षभरात पेटीत बारा चिठ्ठ्या पडल्या. वरिष्ठांच्या बैठकीत टाळ्या कुणाला मिळतील आणि खुलासा कुणाला द्यावा लागेल, हे सांगायला नको. पण मुलं जास्त सुरक्षित कुठे आहेत?

चिठ्ठी पेटीत पडते तेव्हा

पेटीतल्या चिठ्ठ्यांची संख्या दोन गोष्टींच्या गुणाकारातून येते. एक, शाळेत मुलांना त्रास देणाऱ्या घटना किती घडल्या. दोन, घडलेलं सांगण्याची हिंमत किती मुलांना झाली.

दुसऱ्या शाळेचा हिशेब मांडून पाहू. कार्यक्रमाआधी वर्षात 100 घटना घडायच्या, मारहाण, चिडवणं, नको तसा स्पर्श, सगळं धरून. शंभरातल्या दोनच बाहेर यायच्या, म्हणजे चिठ्ठ्या दोन. कार्यक्रमानंतर घटना 60 वर आल्या, पण मुलांना बोलण्याचा धीर आला आणि शंभरातल्या वीस घटना बाहेर येऊ लागल्या. साठाचे वीस टक्के म्हणजे बारा चिठ्ठ्या. त्रास चाळीस टक्क्यांनी कमी झाला, तक्रारी सहापट झाल्या. कागद पाहणारा म्हणेल, शाळा बिघडली.

न सांगण्याचं प्रमाण किती मोठं असतं, याची कल्पना केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या 2007 सालच्या पाहणीवरून येते. महाराष्ट्र आणि गोव्यासह 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून ती केली होती. निम्म्याहून जास्त मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास सोसल्याचं सांगितलं, आणि त्यातल्या बहुतेकांनी तोवर तो कुणाला सांगितलाच नव्हता. ही मुलं कुठल्या ना कुठल्या शाळेच्या, वस्तीच्या, कामाच्या जागेच्या कागदांवर 'तक्रार नाही' याच रकान्यात बसलेली होती.

मी पाहिलेली एक पेटी आठवते. शाळेचं नाव नको. पेटी मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी, शिपायाच्या स्टुलासमोर, आणि इतकी उंच की पाचवीतल्या मुलाला टाचा उंचवाव्या लागाव्यात. चिठ्ठी टाकणारा कोण, हे अख्ख्या व्हरांड्याला दिसणार. किल्ली कुणाकडे आहे, असं विचारल्यावर दोन-तीन टेबलांवर शोधाशोध झाली. ती पेटी रिकामी होती यात नवल कसलं?

म्हणून एका पट्टीवर भागत नाही, दुसरी लागते. ती म्हणजे निनावी प्रश्नावली. वर्गात कोऱ्या कागदावर, नाव न लिहिता, शक्यतो वर्गशिक्षक बाहेर असताना मुलांना विचारायचं : गेल्या महिन्यात तुला कुणी मारलं, धमकावलं, नको तसा स्पर्श केला का? ते तू कुणाला सांगितलंस का? पहिल्या प्रश्नाचे होकार घटले आणि दुसऱ्याचे वाढले, तर कार्यक्रम चालतो आहे. पेटीत चिठ्ठ्या कितीही पडोत.

इथे एक काळजी घ्यावी लागते, आणि ती घेणार नसाल तर प्रश्नावली काढूच नये. अत्याचाराची माहिती मिळाल्यावर गप्प राहण्याची मुभा कायदा देत नाही. 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि संस्थाप्रमुखानं दडवलं तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा 'हे आपल्यातच राहील' असं वचन मुलांना द्यायचं नाही. 'नाव लिहू नका, पण कुणाला मदत हवी असेल तर या ताईंना भेटा, किंवा 1098 वर फोन करा' असं आधी सांगायचं. आणि त्या ताई त्या दिवशी खरोखर शाळेत हजर हव्यात.

मोटार चालू आहे, पण शेवटच्या सरीचं काय?

ऊसकऱ्याला हे समजावून सांगायला नको. नदीवर मोटार चालू आहे म्हणून रान भिजलं असं होत नाही. पाइप फुटलेला असतो, बांध कुठेतरी तुटलेला असतो, पाणी मधल्याच सरीत मुरतं. शेवटच्या सरीत उभं राहून पायाला ओल लागते का, हे बघावं लागतं.

आपले सुरक्षेचे अहवाल मोटारीपाशीच थांबतात. शाळांमध्ये तक्रार पेटी लावण्याचे आदेश राज्यात 2017 पासून आहेत. मार्च 2022 मध्ये शाळाशाळांत 'सखी सावित्री' समित्या नेमायचा शासन निर्णय झाला. तरीही ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघडकीला आलं, संतापलेले लोक रेल्वे रुळांवर उतरले, आणि शाळेतल्या सीसीटीव्हीचं पंधरा दिवसांचं चित्रण मिळत नाही असं तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनाच सांगावं लागलं. कॅमेरा होता, हे मोटारीचं उत्तर झालं. चित्रण नव्हतं, ही शेवटची सरी.

त्याच महिन्यात नवा शासन निर्णय आला. महिन्याभरात सीसीटीव्ही बसवा, मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा चित्रण तपासावं, गैरप्रकार कळल्यावर 24 तासांत वरिष्ठांना कळवावं. यातली पहिली अट मोजायला सोपी, म्हणून तीच मोजली जाण्याचा धोका मोठा. कॅमेरे मोजता येतात, त्यांचे फोटो अहवालाला जोडता येतात. चित्रण कुणी बघितलं का, बघून काही केलं का, हे फोटोत येत नाही.

'गुड टच, बॅड टच'च्या तासांचंही असंच आहे. जगभरातल्या शाळांमध्ये झालेल्या अशा तासांच्या 24 चाचण्या एकत्र करून 2015 मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. मुलांचं ज्ञान वाढतं आणि स्वतःला वाचवायचं कसं हे त्यांना जास्त कळतं, हे त्यातून नक्की झालं. पण त्यामुळे प्रत्यक्ष अत्याचार कमी होतात का, हे या चाचण्यांतून ठरवता आलं नाही, कारण तेवढं लांबवर कुणी मोजलंच नव्हतं. याचा अर्थ हे तास बंद करा असा मुळीच नाही. तासानंतरची परीक्षा मुलं पास झाली म्हणून शेवटची सरी भिजली असं धरू नका, एवढाच.

गळीत हंगाम आणि गतिरोधक

समजा जानेवारीत सांगली-कोल्हापूर रस्त्यालगतच्या एका शाळेसमोर दोन मुलं ट्रॅक्टरखाली येता येता वाचली. गाव चिडलं, निवेदनं गेली, मार्चअखेर गतिरोधक झाला. जून ते सप्टेंबर एकही प्रसंग नाही. सत्कार, नारळ, फलक.

गतिरोधकानं काम केलं का? केलंही असेल. पण हुपरी आणि नरंदेच्या कारखान्यांची धुराडी साधारण नोव्हेंबर ते मार्च पेटलेली असतात. त्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, बैलगाड्या, ट्रक यांनी रस्ता भरलेला असतो. जूनमध्ये रस्त्यावर ऊसच नसतो. म्हणजे आपण हंगामाची तुलना बिगरहंगामाशी केली आणि फरकाचं श्रेय सिमेंटच्या उंचवट्याला दिलं. खरी तुलना जानेवारीची पुढच्या जानेवारीशी.

दुसरी फसगत आणखी बारीक आहे. आपण उपाय केव्हा करतो? परिस्थिती सगळ्यांत वाईट असते तेव्हा. लेकराला 103 ताप चढला की आजी अंगारा लावते, सकाळी ताप उतरतो. चढलेला ताप बहुधा उतरतोच, अंगारा लावा न लावा. एखाद्या शाळेत एका वर्षी मारामाऱ्यांचा कळस झाला, की पुढच्या वर्षी त्या काहीशा कमी होणारच, कारण कळस रोज होत नसतो. नेमक्या अशाच 'सर्वांत वाईट' शाळा निवडून तिथे कार्यक्रम राबवला, तर तो कार्यक्रम कितीही फोल असो, यशस्वीच दिसतो.

चिठ्ठ्या टाकून

यातून सुटायची वाट शेतातूनच निघाली. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात 1920 च्या दशकात रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञापुढे प्रश्न होता, की पीक वाढलं ते खतामुळे की मुळातच ती जमीन कसदार होती म्हणून? त्यानं रानाचे छोटे तुकडे पाडले आणि कुठल्या तुकड्याला खत द्यायचं हे स्वतः न ठरवता, नशिबावर सोडलं. चिठ्ठ्या टाकल्यासारखं. तुकडे पुरेसे असले की कसदार आणि हलकी जमीन दोन्हीकडे साधारण सारखी वाटली जाते, आणि उरलेला फरक खताच्या नावावर मांडता येतो.

तुकड्यांच्या जागी शाळा ठेवा. मुंबईत 2008 पासून महापालिकेच्या 45 शाळांमध्ये असा प्रयोग झाला. मुलगा-मुलगी समानता आणि हिंसा या विषयांवर सहावी-सातवीच्या मुलांशी बोलण्याचा हा कार्यक्रम कोरो ही संस्था, टाटा समाजविज्ञान संस्था आणि एक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था यांनी मिळून राबवला. शाळांचे तीन गट. एकात वर्गात गटचर्चा आणि शाळाभर मोहीम, दुसऱ्यात फक्त मोहीम, तिसऱ्यात नेहमीचंच शिक्षण. तिसरा गट नसता, तर मुलं वयानं मोठी झाली म्हणून समजूतदार झाली की कार्यक्रमामुळे, हे सांगता आलं नसतं.

याहून डोळे उघडणारा प्रयोग बिहारच्या नालंदा जिल्ह्यातला. तो केला आपल्या शेजारच्या गोव्यातल्या 'संगत' या संस्थेनं. 74 सरकारी माध्यमिक शाळा, नववीची सुमारे 13,000 मुलं. कार्यक्रमाचं नाव 'सेहेर' : भित्तिपत्रक, परिपाठातली चर्चा, अडचणीतल्या मुलांशी एकेकट्यानं बोलणं, आणि हो, मनातलं लिहून टाकायची पेटीसुद्धा. एका गटातल्या शाळांत तो चालवायला खास शिकवून तयार केलेला बाहेरचा माणूस दिला, 'सेहेर मित्र'. दुसऱ्या गटात तोच कार्यक्रम शाळेतल्याच शिक्षकाकडे सोपवला. तिसऱ्यात नेहमीचं. 2018 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मित्र असलेल्या शाळांत दादागिरी, हिंसा आणि मुलांमधलं नैराश्य कमी झालं, शाळेचं वातावरण सुधारलं. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत आणि नेहमीचंच चाललेल्या शाळांत जवळपास फरक नव्हता.

कार्यक्रम तोच, पेटी तीच, निकाल वेगळा. यावरून शिक्षकांना धारेवर धरणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. ज्याच्या डोक्यावर अध्यापनाबरोबर अशैक्षणिक कामांचं ओझं, त्याच्याकडून एकेका मुलासाठी निवांत अर्धा तास निघणार कुठून? शिवाय गुण देणाऱ्या हातापाशी मूल मन मोकळं करत नाही, असं मला वाटतं. आपल्याकडे मात्र कोणताही नवा उपक्रम आला, की 'एका शिक्षकाची नोडल म्हणून नेमणूक करावी' हे वाक्य आदेशात असतंच. नालंदाचे निकाल समोर असताना ते वाक्य लिहिण्याआधी पेन थोडं थांबायला हवं.

काहीजण म्हणतील, अर्ध्या शाळांना वंचित ठेवणं बरोबर आहे का? रास्त प्रश्न आहे. पण सगळीकडे एकाच जूनमध्ये सुरू करण्याएवढी माणसं आणि पैसा तालुक्याकडे नसतोच. पहिला नंबर कुणाचा, हे तसंही ठरवावं लागतं, आणि ते ओळखीपाळखीनं ठरतं. त्याऐवजी चिठ्ठ्या टाका. निम्म्या शाळा यंदा, निम्म्या पुढच्या वर्षी. कुणी कायमचं वंचित राहत नाही आणि तुलना फुकटात मिळते.

हेतू चांगला, परिणाम उलटा

मोजून काय करायचंय, मुलांचं भलंच होईल, नुकसान तर नाही ना, हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकलाय. अमेरिकेत न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात वाट चुकलेल्या पोरांना नेऊन कैद्यांकडून दम द्यायचा कार्यक्रम 1970 च्या दशकात निघाला. त्यावरच्या 1978 च्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं, ठिकठिकाणी नकला झाल्या. पुढे चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा दिसलं की तुरुंग दाखवलेल्या मुलांनी न दाखवलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केले. 1983 मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालेला, गणवेशातल्या पोलिसांनी वर्गात येऊन अमली पदार्थांविरुद्ध शिकवण्याचा कार्यक्रम तर देशभर पसरला. नव्वदच्या दशकातल्या तुलनांत त्याचा परिणाम नगण्य निघाला.

आपल्याकडे पोलिसांच्या निर्भया पथकाची व्याख्यानं होतात, मुली टाळ्या वाजवतात, बातमी येते. ती निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. पथकाचा नंबर मुलींच्या हाती पडणं ही चांगलीच गोष्ट आहे. व्याख्यानानंतर सहा महिन्यांनी तो नंबर किती मुलींना आठवतो, आणि लावावासा वाटला तेव्हा किती जणींनी लावला, हे कुणी विचारलेलं माझ्या पाहण्यात नाही.

कधीतरीच घडणारं कसं मोजायचं?

तमिळनाडूतल्या कुंभकोणमला 16 जुलै 2004 रोजी शाळेच्या आगीत 94 मुलं गेली. असे प्रसंग सुदैवानं विरळ. म्हणूनच 'आमच्याकडे कधी आग लागली नाही' हा पुरावा होत नाही. ज्या वर्षी आग लागली त्याच्या आदल्या वर्षीपर्यंत कुंभकोणमलाही हे म्हणता आलं असतं.

इथे परिणाम नव्हे, तयारी मोजावी लागते, आणि तीही न सांगता. आधी कळवून केलेल्या, इमारतीबाहेर पडण्याच्या कवायतीत मुलं रांगेत, हसत बाहेर येतात. एखाद्या मंगळवारी तिसऱ्या तासाला, अवचित घंटा वाजवा आणि हातात घड्याळ घ्या. शेवटचं मूल बाहेर यायला किती मिनिटं लागली? मागच्या जिन्याचं कुलूप कुणी उघडलं? चाकाच्या खुर्चीतल्या मुलीला कुणी आणलं?

आणि छोट्या आकड्यांपासून जपून राहा. साठ पटाच्या वाडीवरच्या शाळेत मागच्या वर्षी एक अपघात, यंदा दोन. लगेच 'शंभर टक्के वाढ' होते. पुढच्या वर्षी शून्य आला की तीच शाळा आदर्श. दोन्ही वेळा शाळा तीच, फक्त नाणं वेगळं पडलं. क्रमवारीच्या यादीत वर आणि तळाला लहान शाळाच जास्त दिसतात, त्याचं हे कारण. महामार्गालगतची शाळा आणि रानातली शाळा एकाच तराजूत घालणंही तितकंच चूक. प्रत्येकीची तुलना तिच्याच मागच्या वर्षांशी व्हावी, आणि एका नव्हे, तीन-चार वर्षांशी.

┌─────────────
चौकट : शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारून पाहा

• पेटी कुठे आहे? ती कुणाच्या नजरेआड आहे का? किल्ली कुणाकडे, आणि शेवटची कधी उघडली?
• किती तक्रारी आल्या, याऐवजी : आलेल्या तक्रारीवर पहिलं पाऊल किती तासांत उचललं?
• मुलांना निनावी विचारलं का? कोणत्या महिन्यात? पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा विचारणार का?
• कार्यक्रम न झालेल्या कोणत्या शाळेशी तुलना केली?
• कवायत न सांगता केली का? किती मिनिटं लागली?
• अहवाल कुणी भरला? ज्याचं मूल्यमापन होतंय त्यानंच?
─────────────┘

मोजणीत कोण नाही?

आकडे गोळा करणाऱ्यांनी एक स्वस्त हत्यार जवळ ठेवावं : कोरा कागद आणि तीन रंगीत खडू. मुलांना शाळेचा आणि घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा नकाशा काढायला सांगायचं. भीती वाटते ती जागा लाल, थोडी वाटते ती पिवळी, बरं वाटतं ती हिरवी. शासनाच्या छापील तक्त्यात कुंपण, कॅमेरा, अग्निशामक यांना रकाने असतात. एसटीच्या थांब्यामागची पानटपरी, दुपारच्या सुटीत ओस पडणारा मागचा व्हरांडा, कडी नसलेलं स्वच्छतागृह यांना रकाना नसतो. मुली आणि मुलं यांचे नकाशे वेगळे ठेवले, तर लाल ठिपके वेगवेगळ्या जागी पडलेले दिसतील. सगळे एकत्र करून सरासरी काढली की ते पुसले जातात.

जे मूल शाळेतच येत नाही, त्याचा ठिपका तर कुठेच नाही. भीतीपोटी शाळा सोडलेली मुलगी प्रश्नावलीच्या दिवशी गैरहजर असते, आणि तिच्या जाण्यानं शाळेचा आकडा सुधारतो. म्हणून नाव काढून नेलेल्या मुलांच्या घरी जाऊन कारण विचारणं हाही मूल्यमापनाचाच भाग आहे.

गोरगरिबांच्या पोरांना शाळेत आणणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांचा जन्म हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजचा, 1887 सालचा. मूल शाळेपर्यंत पोचवणं हाच तेव्हा मोठा प्रश्न होता. कारखान्यांभोवतीच्या ऊसतोड मजुरांच्या कोप्यांमध्ये तो अजून तसाच आहे. ऊसतोड टोळ्यांबरोबर बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून येणारी मुलं दिवाळीच्या सुमारास इथे उतरतात. काही साखरशाळेत जातात, काही जवळच्या शाळेत मागच्या बाकावर बसतात, काही धाकट्या भावंडाला सांभाळत कोपीतच राहतात. शाळेतली प्रश्नावली जुलैत झाली तर ती आलेली नसतात. एप्रिलमध्ये झाली तर टोळ्या परतलेल्या असतात. या तालुक्यात एकच मोजणी करायची असेल, तर ती जानेवारीत करावी, आणि लाल खडू घेऊन आधी कोप्यांकडे जावं.